कॅलिफोर्नियातील बेरोजगारी भत्ता : अर्ज अडकला किंवा नाकारला गेला, तर पुढे काय करावे

नोकरी गेली की कॅलिफोर्नियातील मराठी घरांत पहिली चर्चा व्हिसाची होते, दुसरी घराच्या हप्त्याची आणि तिसरी आरोग्यविम्याची. बेरोजगारी भत्त्याचा विषय निघालाच, तर तो बहुधा ‘सरकारकडून पैसे कशाला घ्यायचे’ या वाक्यावर थांबतो. ज्यांनी अर्ज केलेला असतो, त्यांच्यापैकीही अनेक जण पहिले नकारपत्र हाती पडताच सगळे सोडून देतात. मी गेली काही वर्षे फ्रीमाँट आणि सनीव्हेल परिसरातील ओळखीच्या लोकांना हे अर्ज भरताना आणि अपिले करताना मदत करते आहे. त्यात मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली : पैसे बुडाले ते बहुतेकदा पत्रावरची तारीख नीट वाचली नाही म्हणून, किंवा पत्रात एक कारण दिलेले असताना उत्तर भलत्याच कारणाला दिले म्हणून. त्यामुळे या लेखात मी पत्रे, तारखा आणि कारणे यांवरच अधिक भर दिला आहे.

आधी मनातला संकोच दूर करू. हा भत्ता म्हणजे विमा आहे. त्याचा हप्ता तुमच्या पगारावर आकारलेल्या कराच्या रूपाने मालक भरत असतो. पगारपत्रकावर दिसणारी ‘एसडीआय’ ही कपात वेगळी, ती आजारपण आणि कौटुंबिक रजेच्या विम्यासाठी असते. भत्त्याचा कारभार राज्याचे एम्प्लॉयमेंट डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे ईडीडी, पाहते. आठवड्याला कमीत कमी ४० आणि जास्तीत जास्त ४५० डॉलर मिळतात, आणि एका वर्षाच्या मुदतीत २६ आठवड्यांपर्यंत मिळू शकतात. बे एरियातील घरभाड्यापुढे ४५० डॉलर थोडे वाटतील, पण पूर्ण २६ आठवड्यांचा हिशेब ११,७०० डॉलर होतो.

अर्ज कोणी करावा

अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांच्याबाबत प्रश्न नाही. एच-४ व्हिसावर कामाचा परवाना (ईएडी) असलेले, एल-२ व्हिसावरील जोडीदार आणि ग्रीन कार्डच्या प्रलंबित अर्जावर मिळालेला ईएडी असलेले, हे सर्व कोणत्याही मालकाकडे काम करू शकतात. म्हणून पूर्वीचे काम परवान्यानिशी केलेले असेल आणि परवाना आजही चालू असेल, तर तेही अर्ज करू शकतात. परवान्याची मुदत मात्र तारीखवार तपासावी. ३० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल होणाऱ्या बहुतेक नूतनीकरण अर्जांना पूर्वीसारखी आपोआप मुदतवाढ मिळत नाही, त्यामुळे जुना ईएडी संपून नवा येईपर्यंत मध्ये खंड पडू शकतो. त्या खंडातल्या आठवड्यांत तुम्ही कायद्याने काम स्वीकारू शकत नाही, आणि म्हणून त्या आठवड्यांचा भत्ताही मिळत नाही.

एच-१बी या, कंपनीमार्फत मिळणाऱ्या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांची स्थिती वेगळी आहे. नोकरी संपल्यावर त्यांना देशात राहायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि नव्या कंपनीने त्यांच्यासाठी याचिका दाखल करेपर्यंत काम सुरू करता येत नाही. भत्त्यासाठी मात्र दर आठवड्याला काम स्वीकारायला मोकळे असणे आवश्यक असते. त्यामुळे असा अर्ज ‘कामासाठी उपलब्ध नाही’ या कारणावर नाकारला जाण्याची शक्यता मोठी असते. अर्ज करण्यापूर्वी स्थलांतर कायद्याच्या वकिलाला विचारावे, आणि काहीही झाले तरी व्हिसाच्या रकान्यात खरे तेच भरावे. ईडीडी ती माहिती संघीय स्थलांतर खात्याकडून पडताळून घेते. भत्ता घेतला तर पुढे ग्रीन कार्डला अडचण येईल का, असे मला नेहमी विचारले जाते. डिसेंबर २०२२ मध्ये लागू झालेल्या संघीय ‘पब्लिक चार्ज’ (सरकारी आधारावर अवलंबून राहणाऱ्याला ग्रीन कार्ड नाकारण्याच्या) नियमात बेरोजगारी भत्ता हा कमावलेला हक्क मानलेला आहे, सरकारी आधार नव्हे. हे नियम सरकारागणिक बदलतात, तेव्हा ग्रीन कार्डचा अर्ज प्रलंबित असलेल्यांनी त्या वेळचा नियम वकिलाकडून खात्री करून घ्यावा.

अर्ज भरताना : नाव, मालक आणि नोकरी सुटण्याचे कारण

अर्ज नोकरी गेली त्याच आठवड्यात करावा, कारण क्लेम, म्हणजे भत्त्याची मागणी, त्या आठवड्याच्या रविवारपासून धरला जातो आणि मागच्या तारखेपासून धरायला सबळ कारण दाखवावे लागते. पहिला पात्र आठवडा बिनपैशांचा, प्रतीक्षेचा असतो; तोही अर्ज केल्याशिवाय मोजायला सुरुवात होत नाही.

आपल्याकडचे अर्ज सर्वांत आधी अडकतात ते नावावर. आपले पूर्ण नाव म्हणजे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव. भारतीय पासपोर्टवर पहिली दोन नावे एकाच रकान्यात येतात, सोशल सिक्युरिटी कार्डावर ती तशीच उतरतात, आणि कंपनीच्या पगारखात्यात मधले नाव गळते. लग्नानंतर तर आपल्याकडे आडनावाबरोबर मधले नावही बदलते, त्यामुळे एखाद्या स्त्रीच्या पासपोर्टवर पतीचे नाव, सोशल सिक्युरिटी कार्डावर वडिलांचे आणि ड्रायव्हिंग लायसन्सवर यांपैकी एकही नाही, असे सर्रास आढळते. आपल्या दृष्टीने ती एकच व्यक्ती असते; संगणकाला मात्र तीन दिसतात. अर्जात सोशल सिक्युरिटी कार्डावर आहे अगदी तसेच नाव लिहावे, आणि पूर्वी वापरलेल्या नावांच्या रकान्यात बाकीची सर्व रूपे भरावीत. ओळख पटवण्यासाठी कागद मागणारे पत्र आले, तर त्यावर पाठवल्याच्या तारखेपासून १० दिवसांत उत्तर द्यावे लागते. विवाह प्रमाणपत्राची इंग्रजी प्रत आधीच काढून ठेवलेली असेल, तर हे दहा दिवस पुरतात.

‘शेवटचा मालक कोण’ या प्रश्नातही गफलत होते. सल्लागार कंपनीमार्फत एखाद्या मोठ्या कंपनीत काम करणाऱ्यांनी तिथे त्या मोठ्या कंपनीचे नाव लिहू नये. ज्यांनी पगार दिला आणि वर्षअखेरीस डब्ल्यू-२ फॉर्म दिला, तोच तुमचा मालक. डब्ल्यू-२ ऐवजी १०९९ फॉर्मवर, म्हणजे कागदोपत्री स्वतंत्र व्यावसायिक म्हणून, काम केले असेल, तर ती मिळकत ईडीडीच्या नोंदीत दिसणार नाही. तरीही अर्ज करावा. १ जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या एबी-५ या कायद्यानुसार, कामगार खरोखर स्वतंत्र व्यावसायिक आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी काम देणाऱ्यावर असते.

यानंतरचा रकाना सर्वांत नाजूक आहे : नोकरी का सुटली? मराठीत ‘नोकरी सुटली’ आणि ‘नोकरी सोडली’ यांत उच्चाराचे थोडेच अंतर आहे. कमी केल्याचे चारचौघांत सांगणे जड जाते, म्हणून आपण ‘सोडली’ म्हणतो. मग तीच सवय इंग्रजीत ‘आय लेफ्ट द कंपनी’ अशी उतरते, आणि ईडीडीच्या नोंदीत त्याचा अर्थ स्वेच्छेने राजीनामा असा लागतो. मनुष्यबळ विभागाने कागदांवर सह्या घेतल्या, निरोप दिला, सेव्हरन्सची (नोकरी संपवताना देतात ती) रक्कम दिली, म्हणून तो राजीनामा होत नाही. काम संपले म्हणून कमी केले असेल, तर ‘लेड ऑफ’ हाच पर्याय निवडावा. ‘राजीनामा द्या, नाहीतर काढून टाकू’ असे सांगितले गेले असेल, तर तेही तसेच, त्याच शब्दांत लिहावे. नोकरी संपवण्याची सुरुवात कोणी केली, हे त्यात पाहिले जाते आणि अशा प्रसंगी ती मालकाने केलेली असते. सेव्हरन्स मिळाले असेल, तर ते लपवू नये. साधारणपणे केवळ त्या कारणाने कॅलिफोर्नियात भत्ता नाकारला जात नाही; ते सांगितले नाही, हे मात्र पुढे अंगाशी येऊ शकते.

पहिले पत्र आणि त्यातील आकडे

अर्जानंतर येणाऱ्या ‘नोटीस ऑफ अनएम्प्लॉयमेंट इन्शुरन्स अवॉर्ड’ या पत्राने नवख्यांची दिशाभूल होते. त्यावर आठवड्याची रक्कम छापलेली असते, म्हणून मंजुरी मिळाली असे वाटते. प्रत्यक्षात त्यात एवढेच सांगितलेले असते की तुमच्या मिळकतीवरून रक्कम इतकी होऊ शकते. पात्रतेचा निर्णय वेगळा होतो.

या पत्रातील मिळकतीचा तक्ता ओळीओळीने तपासावा. अर्जापूर्वीच्या शेवटच्या पाच पूर्ण तिमाह्यांपैकी पहिल्या चार तिमाह्या आधारकाल म्हणून धरल्या जातात. जानेवारी ते मार्च २०२६ या काळात सुरू झालेल्या क्लेमसाठी हा काल १ ऑक्टोबर २०२४ ते ३० सप्टेंबर २०२५ असा होतो. यांपैकी एका तिमाहीत किमान १,३०० डॉलर मिळालेले असावेत; किंवा सर्वांत जास्त मिळकतीच्या तिमाहीत किमान ९०० डॉलर आणि चारही तिमाह्यांची एकूण मिळकत त्या तिमाहीच्या सव्वापट असावी. नुकतेच इथे आलेले लोक यावरून ‘आपण बसत नाही’ असे परस्पर ठरवून टाकतात. समजा, तुम्हाला नोव्हेंबर २०२५ मध्ये पहिली नोकरी लागली आणि फेब्रुवारी २०२६ मध्ये ती गेली. वरच्या आधारकालात तुमची मिळकत शून्य येते. पण अशा वेळी पर्यायी आधारकाल, म्हणजे शेवटच्या चार पूर्ण तिमाह्या, पाहिला जातो, आणि त्यात ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५ ही तिमाही येते.

माझ्या स्वतःच्या पत्रात एका तिमाहीसमोर शून्य होते. माझ्या तेव्हाच्या मालकाने त्याच सुमारास पगाराचे काम दुसऱ्या संस्थेकडे दिले होते आणि त्या घोळात तीन महिन्यांची नोंद राज्याकडे गेलीच नव्हती. मी त्या तिमाहीची सर्व पगारपत्रके आणि डब्ल्यू-२ जोडून फेरहिशेब मागितला आणि नोंद दुरुस्त झाली. पगारपत्रके कंपनीच्या संकेतस्थळावर असतात, आणि नोकरी गेल्याच्या दिवशी तो प्रवेश बहुधा बंद होतो. म्हणून ती नोकरीत असतानाच दर महिन्याला स्वतःच्या संगणकावर उतरवून ठेवावीत. घरात कोणाची नोकरी आज पक्की असली, तरी त्यांना हे आजच सांगा.

दर दोन आठवड्यांनी द्यायची उत्तरे

भत्ता मिळत राहण्यासाठी दर दोन आठवड्यांनी, प्रत्येक आठवड्यासाठी सहा प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. याला सर्टिफिकेशन म्हणतात. आजारपणामुळे काम करू शकला नाहीत का, अन्य काही कारणाने पूर्ण वेळ काम स्वीकारू शकला नसता का, काम शोधले का, काम नाकारले का, शिक्षण सुरू केले का, आणि काही काम केले किंवा पैसे मिळवले का. प्रश्न साधे दिसतात, पण एखादे उत्तर अनपेक्षित पडले की ते पैसे थांबतात आणि चौकशी लागते.

दुसरा प्रश्न आपल्यासाठी विशेष महत्त्वाचा आहे. नोकरी गेली म्हणून अनेक जण ‘चला, महिनाभर पुण्याला आईवडिलांकडे जाऊन येऊ’ असे ठरवतात. तो निर्णय माणुसकीला धरून आहे, पण भारतात असलेल्या आठवड्यांचा भत्ता मिळत नाही, कारण तुम्ही इथल्या कामासाठी उपलब्ध नसता. तिथून सर्टिफिकेशन करून ‘उपलब्ध होतो’ असे लिहिणे म्हणजे खोटे विधान, आणि प्रवासाच्या नोंदी संघीय खात्याकडे असतात. परत आल्यावर क्लेम पुन्हा सुरू करून घेता येतो; न घेतलेल्या आठवड्यांची रक्कम क्लेमच्या वर्षभराच्या मुदतीत शिल्लक राहते.

सहाव्या प्रश्नात पैसे हाती आले त्या आठवड्याला नव्हे, तर काम केले त्या आठवड्याला, कर कापण्यापूर्वीची रक्कम लिहावी. थोड्या कामाने भत्ता पूर्ण बंद होत नाही : आठवड्याच्या मिळकतीतील पहिले २५ डॉलर किंवा २५ टक्के, यांपैकी जे जास्त असेल ते सोडून देतात आणि उरलेले भत्त्यातून वजा करतात. भत्ता ४५० असताना एखाद्या आठवड्यात २०० डॉलरची शिकवणी केली, तर ५० सोडून १५० वजा होतात आणि ३०० मिळतात. शिक्षणाच्या प्रश्नावर, कौशल्यवाढीच्या एखाद्या अभ्यासक्रमाला नाव घातले असेल तर तसे सांगावे. वर्गाची वेळ नोकरीच्या आड येते का, एवढेच बहुतेकदा विचारले जाते.

चौकशीचा फोन

खात्यावर ‘पेंडिंग’ असा शब्द दिसू लागला की काहीतरी तपासले जात आहे असे समजावे. फोनवरच्या मुलाखतीची तारीख आणि वेळ कळवणारे पत्र येते. त्या वेळेत अनोळखी क्रमांकाचे फोन अडवण्याची सोय बंद करून ठेवावी. नाहीतर ईडीडीच्या अधिकाऱ्याचा फोन येतो, तो गुपचूप अडवला जातो आणि तुमचे म्हणणे न ऐकताच निर्णय होतो.

मुलाखतीआधी एका पानावर तारखा लिहून काढाव्यात : कामावर कधी रुजू झालात, शेवटचा कामाचा दिवस कोणता, तुम्हाला कोणी, कोणत्या शब्दांत आणि कशामार्फत कळवले. उत्तरे छोटी असावीत. वरिष्ठ कसे वागायचे, दोन वर्षांपूर्वी बढती कशी हुकली, हे सगळे मनात साचलेले असते; पण अधिकारी तुमच्या बोलण्याचा चार ओळींचा गोषवारा लिहितो, आणि त्या चार ओळींत शेवटची घटनाच यायला हवी.

नकाराची नोटीस कशी वाचावी

नकार ‘नोटीस ऑफ डिटर्मिनेशन’ या पत्राने येतो. त्यात तीन गोष्टी पेन्सिलीने खुणा करून घ्याव्यात : पाठवल्याची तारीख, कायद्याचे कलम आणि कारणाचा परिच्छेद. पाठवल्याच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत अपील करावे लागते. पत्रावर ३ मार्च ही तारीख असेल, तर मुदत २ एप्रिलला संपते, मग पत्र तुमच्या हाती १० मार्चला पडलेले का असेना. मुदत हुकली तरी अपील करावे, मात्र उशिराचे कारण त्यातच स्पष्ट लिहावे. ते सबळ आहे का, हे न्यायाधीश ठरवतात.

कारणांमध्ये कलम १२५६ सर्वांत जास्त वेळा दिसते. त्याचे दोन भाग आहेत. एक, मालकाने गैरवर्तनाबद्दल काढले. दोन, सबळ कारणाशिवाय स्वतः नोकरी सोडली. या कलमाखाली अपात्र ठरल्यास पुन्हा नोकरी करून आठवड्याच्या भत्त्याच्या पाचपट, म्हणजे ४५० च्या हिशेबाने २,२५० डॉलर, मिळवेपर्यंत भत्ता बंद राहतो. म्हणून हे आव्हान देण्याजोगे आहे, आणि ते जिंकण्याजोगेही असते.

गैरवर्तन या शब्दाला कॅलिफोर्नियात ठरलेला अर्थ आहे. मालकाच्या हिताला बाधा येईल अशा रीतीने, जाणूनबुजून कर्तव्य मोडले असेल तर ते गैरवर्तन. काम नीट न जमणे, वेग कमी पडणे, प्रामाणिकपणे घेतलेला निर्णय चुकणे किंवा एखादे वेळी हलगर्जी होणे, हे गैरवर्तनात मोडत नाही. कामगिरी समाधानकारक नाही म्हणून काढले गेलेले लोक ‘चूक आपलीच होती’ असे समजून गप्प बसतात. त्यांनी हा परिच्छेद पुन्हा एकदा वाचावा. शिवाय गैरवर्तन सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो.

स्वतः नोकरी सोडली असेल, तर सबळ कारण दाखवण्याचा भार तुमच्यावर येतो. आपल्या घरांत वारंवार घडणारा एक प्रसंग कायद्याने स्पष्टपणे मान्य केलेला आहे : पतीला किंवा पत्नीला दूर गावी नोकरी लागली, तिथून रोज येजा करणे अशक्य झाले आणि त्यांच्यासोबत जाण्यासाठी तुम्ही नोकरी सोडली, तर ते सबळ कारण मानले जाऊ शकते. हे माहीत नसल्याने किती जणींनी अर्जच केला नसेल, याचे मला फार वाईट वाटते. इतर कारणांत, उदाहरणार्थ प्रकृती किंवा वागणुकीचा त्रास असेल तर, सोडण्यापूर्वी रजा, बदली किंवा तक्रार यांपैकी काही करून पाहिले का, हे विचारले जाते. त्याचे ई-मेल शोधून ठेवावेत.

अपील लिहिणे

नोटिशीसोबत अपिलाचा फॉर्म येतो, त्याचा क्रमांक डीई १०००एम. तो नसला तरी साधे पत्र चालते. नाव, पत्ता, फोन, सोशल सिक्युरिटी क्रमांक, नोटिशीची तारीख आणि आपले म्हणणे एवढे पुरे. मजकूर लांबवण्याची गरज नाही. इंग्रजीत लिहायचा आशय असा : ‘अमुक तारखेच्या निर्णयाशी मी सहमत नाही. मी नोकरी सोडलेली नाही. अमुक तारखेला माझ्या व्यवस्थापकांनी मला संदेश पाठवून कामावरून कमी केल्याचे कळवले. तो संदेश सोबत जोडला आहे. मला सुनावणी हवी आहे.’ दुभाषा हवा असल्यास त्याच फॉर्मवर भाषेचे नाव लिहावे. ही सोय विनामूल्य असते. अपील ईडीडीच्या त्या नोटिशीवरील पत्त्यावरच पाठवायचे असते. प्रत स्वतःकडे ठेवावी आणि टपालाची पावती त्या प्रतीला टाचणीने लावून ठेवावी.

आणि यापुढचे वाक्य या लेखातील सर्वांत महत्त्वाचे आहे : अपील चालू असताना दर दोन आठवड्यांचे सर्टिफिकेशन करत राहा. पैसे येत नसले, खात्यावर ‘अपात्र’ असे दिसत असले, तरीही करत राहा. निकाल तुमच्या बाजूने लागला, तर ज्या आठवड्यांचे सर्टिफिकेशन झाले आहे त्यांचेच पैसे मिळतात.

ईडीडी अपील वाचून काही वेळा स्वतःच निर्णय बदलते. अन्यथा ते कॅलिफोर्निया अनएम्प्लॉयमेंट इन्शुरन्स अपील्स बोर्ड या स्वतंत्र संस्थेकडे जाते. शुल्क नाही आणि वकील असण्याची सक्ती नाही; नातेवाईक किंवा मित्र प्रतिनिधी म्हणून बसू शकतो. सॅन फ्रान्सिस्कोतील लीगल एड ॲट वर्क यांसारख्या संस्था कामगारांना विनामूल्य कायदेशीर माहिती देतात. आणखी एक : तुम्ही जिंकल्यावर मालकही अपील करू शकतो. तेव्हा तुम्हाला सुनावणीची नोटीस येते, आणि ‘मला तर भत्ता मिळतोच आहे’ म्हणून तिकडे दुर्लक्ष केले, तर मालकाची एकच बाजू ऐकली जाऊन मिळालेले पैसेही परत मागितले जाऊ शकतात.

सुनावणीचा दिवस

सुनावणीची नोटीस किमान १० दिवस आधी येते आणि सुनावणी बहुधा फोनवर होते. त्याआधी बोर्डाकडून आपल्या प्रकरणाचे कागद पाहायला मागावेत, कारण मालकाने नेमके काय लिहून दिले आहे ते त्यात असते.

आमच्या शेजारच्या एका काकूंच्या सुनावणीला मी प्रतिनिधी म्हणून बसले होते. त्या एका किराणा दुकानात काउंटरवर काम करत. त्या न सांगता यायच्या थांबल्या, असे मालकाने कळवले होते, आणि त्यावरून ईडीडीने स्वेच्छेने नोकरी सोडल्याचे धरले होते. काकूंकडे एक व्हॉट्सॲप संदेश होता : ‘कल से मत आना, हिसाब बाद में करेंगे’. आम्ही तो तारीख आणि वेळ दिसेल असा छापला, खाली इंग्रजी भाषांतर लिहिले, आणि इतर कागदांबरोबर आधीच बोर्डाकडे पाठवला. सकाळी स्वयंपाकघरातले टेबल रिकामे केले, कागदांवर पेन्सिलीने एक ते सात आकडे टाकले, कुकर बंद केला, फोन स्पीकरवर ठेवला. न्यायाधीशांनी शपथ दिली, ध्वनिमुद्रण सुरू असल्याचे सांगितले आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘शेवटच्या दिवशी काय झाले?’ काकूंनी मराठी दुभाष्यामार्फत सुरुवात दुकान उघडले त्या वर्षापासून केली. न्यायाधीशांनी शांतपणे थांबवले आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. तेव्हा मी कागद क्रमांक तीनवर बोट ठेवले. काकू म्हणाल्या, ‘मंगळवारी रात्री नऊ वाजता हा संदेश आला, म्हणून मी बुधवारी गेले नाही.’ पुढचे सगळे प्रश्न त्या एका वाक्याभोवती फिरले.

यातून तयारी कशी करावी ते दिसेल. प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टीला ऐकीव गोष्टीपेक्षा जास्त वजन असते, म्हणून साक्षीदार असेल तर त्याचे पत्र आणण्यापेक्षा त्याला फोनवर हजर ठेवावे. दुभाष्यासोबत बोलताना दोन-दोन वाक्यांनी थांबावे, आणि भाषांतर चुकल्यासारखे वाटले तर लगेच सांगावे. मालक बोलत असताना मध्ये बोलू नये. तुम्हाला त्याला प्रश्न विचारण्याची संधी मिळते, ते मुद्दे टिपून ठेवावेत. ठरलेल्या दिवशी हजर राहणे खरोखरच अशक्य असेल, तर आधी कळवून तारीख बदलून मागावी. अर्जदार स्वतः हजर राहिला नाही, तर अपील फेटाळले जाते.

निकालानंतर

निकाल लेखी येतो. तो विरोधात गेला, तर ३० दिवसांत त्याच बोर्डाच्या वरच्या पातळीवर अपील करता येते. तिथे साधारणपणे नवी सुनावणी होत नाही, पहिल्या सुनावणीचे ध्वनिमुद्रण आणि कागद पाहून निर्णय होतो. म्हणूनच पहिल्या सुनावणीत एकही कागद राखून ठेवू नये. त्यानंतरचा मार्ग सुपीरियर कोर्टाचा, आणि त्याची मुदत सहा महिने असते. तिथे मात्र वकील घेणेच बरे.

जास्त दिलेली रक्कम परत मागणारी नोटीस आली, तर तिच्याविरुद्धही ३० दिवसांत अपील करता येते. त्या नोटिशीत चूक प्रामाणिक मानली आहे की लबाडीची, हे आधी पाहावे. लबाडी ठरली, तर रकमेवर ३० टक्के दंड बसतो आणि पुढचे २३ आठवड्यांपर्यंतचे भत्ते रोखले जाऊ शकतात. चूक प्रामाणिक असेल आणि परतफेडीने घर अडचणीत येत असेल, तर वसुली माफ करण्याची विनंती करता येते. प्रकरण काही महिने जागचे हलतच नसेल, तर आपल्या भागातील राज्य असेंब्ली सदस्याच्या कार्यालयात कळवावे. तिथले कर्मचारी ईडीडीकडे विचारणा करतात, आणि त्यासाठी तुम्ही मतदार असण्याची अट नसते.

काकूंचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्यांनी एकही सर्टिफिकेशन चुकवले नव्हते, त्यामुळे नऊ आठवड्यांची रक्कम एकदम खात्यात आली. या रकमेवर कॅलिफोर्निया राज्याचा आयकर लागत नाही, संघीय आयकर मात्र लागतो. क्लेममध्येच १० टक्के कर कापून घेण्याचा पर्याय असतो. तो घेतला नसेल, तर तेवढी रक्कम बाजूला ठेवावी, कारण जानेवारीत १०९९-जी फॉर्म येतो आणि त्यावर त्या वर्षी मिळालेली सगळी रक्कम दिसते, मग ते आठवडे आदल्या वर्षातले का असेनात.